घरगुती पतंगावर कापडी नक्षी शिवताना

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील नंदगड परिसरात शिवणकाम करणाऱ्या एका भगिनींनी विचारले आहे, की भाच्यासाठी घरीच शिवलेल्या लाल षट्कोनी पतंगावर त्यांनी मधोमध पिवळा सूर्य आणि डाव्या अंगाला हिरवा पोपट अशी कापडी नक्षी लावली. जमिनीवर पतंग देखणा दिसत होता. पण शिवणीभोवती चुण्या पडल्या, वर गेल्यावर पोपट काळा डाग दिसू लागला आणि पतंग सारखा डावीकडे कलू लागला. त्यांची पायमशीन फक्त सरळ टीप मारते, आणि कापड बाजारात ‘पॅराशूट’ म्हणून मिळते ते आहे. झिगझॅगची मशीन घेतल्याशिवाय हे काम नीट होईल का, आणि आता तयार असलेला पतंग वाचवता येईल का, हे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

दोन्हींचे उत्तर होकारार्थी आहे. त्यांनी सांगितलेल्या तिन्ही तक्रारींचे मूळ मात्र मशीनमध्ये नसून नक्षी लावण्याच्या पद्धतीत आहे, म्हणून आधी तेवढे समजून घ्यावे. आपण वाकळ शिवतो तेव्हा एका तुकड्यावर दुसरा तुकडा ठेवतो, कारण तिथे थर जितके वाढतील तितकी ऊब आणि मजबुती वाढते. आपण पोपट नेमका तसाच, मूळ लाल कापडावर ठेवून, कडेने टीप मारून बसवला. पतंगाच्या नक्षीत तुकडा मूळ कापडाच्या वर बसवायचा नसतो, तर मूळ कापडाच्या जागी बसवायचा असतो. शिवण संपल्यावर पतंगाच्या कोणत्याही ठिकाणी बोट ठेवले तरी तिथे कापडाचा एकच थर लागला पाहिजे. दोन थर असावेत ते फक्त शिवणीच्या अर्ध्या सेंटिमीटरच्या पट्टीत.

एका थराचा हा आग्रह प्रथम रंगासाठी आहे. पतंग हवेत असतो तेव्हा तो आपल्या आणि उजळ आकाशाच्या मध्ये असतो, त्यामुळे आपल्याला कापडावर पडलेला प्रकाश कमी आणि कापडातून पार झालेला प्रकाश अधिक दिसतो. लाल कापड मुख्यतः लाल प्रकाश पुढे जाऊ देते आणि हिरवे कापड नेमका तोच अडवते; दोन्ही एकावर एक आले की पलीकडून जवळजवळ काहीच येत नाही. आपला पोपट काळा दिसला त्याचे कारण हे आहे, हिरव्या कापडाचा त्यात काही दोष नाही. पिवळ्या सूर्यामागेही लाल थर असल्याने तो वर गेल्यावर पिवळा न राहता तांबूस झाला असणार. शंका असेल तर तोच पतंग दुपारी खिडकीच्या काचेला लावून पाहावा, आकाशात जे दिसले ते घरातच दिसेल. नक्षीचे रंग ठरवताना हीच खिडकी वापरावी. कापडाच्या दुकानातही ठाण टेबलावर पाहण्यापेक्षा दारात येऊन उजेडासमोर धरून पाहावा.

उजेडासमोर पिवळा, केशरी, लाल, पोपटी आणि राणी हे रंग उजळतात. फिकट निळा आकाशात विरून जातो. गडद निळा, तपकिरी आणि जांभळा हे तिन्ही काही अंतरावरून काळेच दिसतात, त्यामुळे ते शेजारीशेजारी वापरले तर नक्षीतला फरक वाया जातो. खरा काळा रंग उपयोगाचा आहे, पण पट्टीसारखा: दोन उजळ रंगांच्या मध्ये दीड-दोन सेंटिमीटरची काळी पट्टी घातली की दोन्ही रंग वेगळे उठून दिसतात. काही जण मुद्दाम दोन थर ठेवून तिसरा रंग काढतात, उदाहरणार्थ पिवळ्यावर फिकट निळा ठेवून हिरवा. हे जमते आणि छानही दिसते, परंतु हात बसल्यावर करावे.

एका थराचे दुसरे कारण ताण हे आहे. वजनाचा मुद्दा लोक नेहमी आधी काढतात, म्हणून तो हिशेब करूनच बाजूला ठेवतो. आपला पतंग १०० सेंटिमीटर उंच आणि ८० सेंटिमीटर रुंद असून त्याच्या आडव्या कामट्या वरून आणि खालून २० सेंटिमीटरवर असतील, तर त्याचे क्षेत्रफळ ०.६४ चौरस मीटर होते. चौरस मीटरला ६० ग्रॅम वजनाचे कापड धरले तर सगळे कापड मिळून सुमारे ३८ ग्रॅम भरते, आणि ४०० चौरस सेंटिमीटरच्या पोपटाचा जादा थर जेमतेम अडीच ग्रॅमचा. एवढ्या वजनाने पतंग थोडा कलेल, सारखा कलंडणार नाही. खरा घोटाळा असा होतो, की दोन थर आणि त्याभोवतीची दाट शिवण यांमुळे डाव्या अंगाचे कापड आक्रसते, उजव्या अंगाचे सैल राहते, आणि वारा भरल्यावर दोन्ही अंगांना वेगवेगळा फुगवटा येतो. दोन्ही अंगांवरचा वाऱ्याचा जोर असा वेगळा झाला की कन्नी, म्हणजे पतंगाला दोर जोडण्यासाठी बांधलेली दोरी, कितीही सरकवली तरी पतंग सरळ राहत नाही.

हे टाळण्याची पहिली पायरी कापड मांडण्यात आहे. बेळगावातील शहापूर-वडगावच्या विणकर घरांतून आलेल्या कोणालाही ताणा-बाणा समजावून सांगावा लागत नाही. आपणही ब्लाउजच्या उरेब पट्टीमुळे जाणता, की कापड उभ्या आणि आडव्या धाग्यावर ताणले जात नाही, तिरपे मात्र सहज ताणले जाते. पतंगाचे मूळ कापड असे ठेवावे की उभा धागा मधल्या उभ्या कामटीशी समांतर राहील. नक्षीचा प्रत्येक तुकडा, तो चोचीएवढा लहान असला तरी, त्याच दिशेने धागा ठेवून लावावा. कापड वाचवण्यासाठी तुकडा फिरवून कापण्याचा मोह शिवणकाम करणाऱ्या प्रत्येकाला होतो. इथे तो आवरावा, कारण शेजारच्या दोन कापडांचे धागे वेगळ्या दिशांना असतील तर वाऱ्यात एक ताणते, दुसरे ताणत नाही, आणि मधल्या शिवणीवर चुण्या येतात. आपल्या सूर्याभोवतीच्या चुण्या नीट पाहिल्यात तर त्या वर, खाली, डावीकडे व उजवीकडे कमी आणि चार तिरप्या दिशांना जास्त असल्याचे दिसेल. वर्तुळाची कड त्या चार ठिकाणी पूर्ण उरेब जाते आणि मशीनचे दाते खालचे कापड वरच्यापेक्षा अधिक ओढतात, म्हणून चुण्या तिथेच जमतात.

आता पद्धत सांगतो. आधी कागदावर पूर्ण आकाराचे चित्र जाड रेघेत काढावे आणि ते जमिनीवर चिकटवावे. त्यावर मूळ कापड पसरून, चारही बाजूंनी थोडे ताणून, चिकटपट्टीने पक्के करावे. हे कापड पतंगाच्या अंतिम आकारापेक्षा सगळीकडून चार-पाच सेंटिमीटर मोठे असावे. पतंगाचा आकार आत्ता कापायचा नाही. माझ्या मते या संपूर्ण कामात सर्वांत महत्त्वाची सूचना हीच आहे. नक्षी शिवताना कापड कितीही जपले तरी थोडे आक्रसतेच, आणि आकार आधी कापून ठेवलेला असेल तर त्या आक्रसण्यासह तो कायमचा वाकडा होतो. नक्षी पूर्ण झाल्यावर पुठ्ठ्याचा नमुना त्यावर ठेवून, मधली रेघ जुळवून, मग आकार कापला तर आक्रसलेला भाग कातरणात निघून जातो.

कागदावरचे चित्र कापडातून दिसते, ते कापडाच्या दर्शनी बाजूवर पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगपेन्सिलने उतरवून घ्यावे. बॉलपेन वापरू नये. त्याची शाई अशा कापडावर पुढे पसरते. नंतर मूळ कापड उचलून, पोपटाच्या जागेच्या मागे हिरवे कापड ठेवावे. ते पोपटापेक्षा चांगले तळहातभर मोठे असावे आणि त्याचा उभा धागा मूळ कापडाच्या उभ्या धाग्याशी जुळवलेला असावा. टाचण्या लावू नयेत, कारण विणीवर लेप दिलेल्या कापडात टाचणीचे छिद्र बुजत नाही. लिहिण्याच्या साहित्यात मिळणारी गोंदाची कांडी पुरते: रेघेच्या दोन्ही बाजूंना थोड्या थोड्या अंतरावर ठिपके द्यावेत, तिरप्या भागांत ते अधिक जवळ द्यावेत, आणि पूर्ण वाळू द्यावेत. ओल्या गोंदातून सुई गेली की ती चिकट होते आणि टाके सुटू लागतात. तसे झाल्यास स्पिरिटने सुई पुसून घ्यावी. फवारून लावण्याचा गोंदही मिळतो, पण त्याची चिकटण्याची ताकद पुष्कळ दिवस शिल्लक राहते, आणि आपल्या भागातील तांबडी धूळ त्यावर अशी बसते की पिवळा रंग एका उन्हाळ्यात विटकरी होतो.

शिवण दर्शनी बाजूने, म्हणजे मूळ कापड वर आणि हिरवे खाली असताना घालावी. सरळ टिपेच्या मशीनवर दोन टिपा लागतात. पहिली टीप नेमकी रेघेवर मारावी आणि दुसरी तिच्या बाहेरच्या अंगाला ३-४ मिलिमीटर सोडून मारावी. दोन्ही टिपा होईपर्यंत काहीही कापू नये. दोन्ही कापडे अखंड असली की ती एकमेकांना धरून राहतात. एकदा पोपटाच्या जागेचे लाल कापड कापले की कडा लोंबू लागतात आणि दुसरी टीप सरळ पडत नाही. टिपा झाल्यावर दर्शनी बाजूचे लाल कापड पहिल्या टिपेच्या आतून कातरून काढावे, म्हणजे हिरवा पोपट उघडा होईल. मग कापड उलटून मागचे जादा हिरवे कापड दुसऱ्या टिपेच्या बाहेरून कातरावे. आता पोपटाच्या जागी फक्त हिरवे, बाहेर फक्त लाल, आणि मधे दोन टिपांची अरुंद दुहेरी पट्टी राहते. चित्र दर्शनी बाजूवरच काढलेले असल्यामुळे ते उलटे होण्याचा प्रश्नही येत नाही.

कातरताना खालचे कापड कापले जाण्याची भीती सर्वांनाच असते. त्यावर साधा उपाय आहे. टोके गोल असलेली लहान कात्री घ्यावी, प्रथम मधोमध कापड चिमटीने वर उचलून छोटी चीर द्यावी आणि त्या चिरेतून जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा तुकडा दोन थरांच्या मध्ये सरकवावा. कात्री त्या फिल्मवरून फिरली की खालच्या कापडाला धार लागत नाही.

कापडाची कड सुटते की नाही, हे आधी पाहून ठेवावे. ‘पॅराशूट’ या नावाखाली बाजारात बरेच प्रकार विकले जातात. बहुतेक ते साध्या विणीचे नायलॉन किंवा पॉलिएस्टर तफेता असते, काहीवर मागून लेप असतो, काहीवर नसतो. कापलेला कोपरा नखाने खरवडावा. धागे सुटले नाहीत तर टिपेपासून एक-दोन मिलिमीटरवर कातरायला हरकत नाही. सुटले तर तीन-चार मिलिमीटर जागा ठेवावी आणि कडेला रंगहीन नेलपॉलिशची अगदी बारीक रेघ द्यावी. मागचा तुकडा आधीच तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने, काचेवर ठेवून, पत्र्याच्या नमुन्याभोवती कापून घेतला तर त्याची कड वितळून बंद होते. हे काम दारे-खिडक्या उघड्या ठेवून करावे, कारण त्याचा धूर छातीला बरा नाही. उदबत्तीने कडा जाळण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, तिने काळे डाग पडतात. ज्यांना पतंगासाठीचे खास कापड मागवणे शक्य आहे त्यांनी रिपस्टॉप घ्यावे. दुसऱ्या महायुद्धात रेशमाऐवजी नायलॉनची पॅराशूट होऊ लागली तेव्हापासूनचे हे कापड आहे. त्यात ठरावीक अंतरावर जाड धागे विणलेले असल्यामुळे बारीक चौकटी दिसतात, फाटलेली चीर पुढे धावत नाही, आणि त्या चौकटींमुळे धाग्याची दिशा जुळवणे फारच सोपे होते. छत्री दुरुस्त करणाऱ्याकडे मोडक्या छत्र्यांचे कापड मिळते, तेही शिकण्यासाठी उत्तम आहे. फक्त त्याचे त्रिकोणी पट्टे उसवून, धागा पाहून मगच वापरावेत.

मशीनविषयी आता आपल्या प्रश्नाकडे येतो. पायमशीनवर साधारणपणे १४ किंवा १६ नंबरची सुई लावलेली असते, ती काढून नवी ११ नंबरची लावावी. दोरा पॉलिएस्टरचा, १२० नंबरचा घ्यावा. सुती दोरा उन्हापावसात कुजतो आणि ताणात तुटतो. ब्लाउजला आपण मारतो त्यापेक्षा टाका मोठा ठेवावा, इंचाला आठ ते दहा टाके पुरेत. टाके दाट घातले म्हणजे शिवण मजबूत होते हा समज अशा पातळ, घट्ट विणीच्या कापडाला लागू पडत नाही. तिथे दाट टाक्यांनी छिद्रांची रांग तयार होते आणि जोराच्या वाऱ्यात कापड त्याच रांगेवर फाटते. वरच्या दोऱ्याचा आणि बॉबिनचा ताण दोन्ही थोडे सैल करावेत, कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाचा दाब कमी करण्याची सोय असेल तर तोही कमी करावा. कापड मशीनच्या पुढून आणि मागून दोन्ही हातांनी हलके ताणून धरावे, पण ओढू नये. पुढे नेण्याचे काम दात्यांचे आहे. तरीही चुण्या येत असतील तर खाली बटर पेपरची पट्टी ठेवून तिच्यासह शिवावे आणि नंतर ती फाडून काढावी. वर्तमानपत्राचा कागद मात्र नको, त्याची शाई फिकट कापडाला लागते.

झिगझॅग असेल तर दुसऱ्या टिपेऐवजी त्याची एक फेरी घालता येते, एवढाच फरक. रेघेवर आधी हलकी सरळ टीप, मग कातरणे, मग कातरलेल्या कडेवरून तीन मिलिमीटर रुंदीचा झिगझॅग, अशी पद्धत असते. त्याची लांबी दीड ते दोन मिलिमीटर ठेवावी. साडीच्या पिकोला किंवा भरतकामाला मारतात तसा भरगच्च झिगझॅग इथे घातला तर कापड लाकडासारखे ताठ होते आणि आक्रसतेही. सुरुवातीची नक्षी सरळ टिपेवरच करावी, असे मी सुचवेन, कारण दोन टिपांची शिवण वाऱ्यात अधिक शांत राहते, आणि नव्या मशीनचे पैसे कापडावर खर्चले तर पुष्कळ काही शिकून होते.

शिवण्याची दिशा ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. मशीन ज्या दिशेने कापड नेते त्या दिशेने खालचा थर थोडा थोडा सरकत जातो. सूर्याचे वर्तुळ आपण एका दमात फिरवत शिवले, तर एका अंगाला ते सरकणे वरून खाली होते आणि दुसऱ्या अंगाला खालून वर; पतंगाचे दोन्ही अर्धे भाग मग सारखे राहत नाहीत. म्हणून मध्यरेषेवर येणारी कोणतीही आकृती दोन टप्प्यांत शिवावी: माथ्यापासून उजव्या अंगाने खाली, दोरा तोडावा, परत माथ्यापासून डाव्या अंगाने खाली. वळणावर सुई कापडात ठेवून पाय उचलावा आणि कापड किंचित फिरवावे. एका फटक्यात मोठे वळण घेऊ नये. सूर्याच्या किरणांची टोके अणकुचीदार न शिवता टोकावर एक आडवा टाका घालावा, म्हणजे तिथे दोरा गोळा होत नाही आणि कातरतानाही कापडाला धरायला जागा राहते.

एकात एक रंग असतील तर मोठ्या आकाराकडून लहान आकाराकडे जावे. आधी पोपटाचे हिरवे अंग मूळ कापडात बसवून, कातरून घ्यावे; मग त्या हिरव्याच्या मागे लाल चोचीचे कापड लावून चोच बसवावी; गळ्याचा काळा पट्टा शेवटी. प्रत्येक रंग पूर्ण करून, मागचे जादा कापड काढूनच पुढच्या रंगाला हात घालावा, नाहीतर मागे तीन-चार कापडांचे जंजाळ होते आणि कातरताना नको तेच कापले जाते.

चित्र कोणते निवडावे, याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण इथे आपल्या भागाला मोठा वारसा आहे आणि तो पतंगावर जसाच्या तसा उतरत नाही. निरोगी डोळ्याला शंभर मीटरवर सुमारे तीन सेंटिमीटरपेक्षा कमी अंतरावरच्या दोन रेघा वेगळ्या दिसत नाहीत. म्हणजे पतंग पन्नास मीटरवर असला तरी दीड सेंटिमीटरपेक्षा बारीक काम कोणालाच दिसणार नाही; आणि पतंग हलत असतो, हे धरून मी पोपटाच्या डोळ्यालाही तीन सेंटिमीटरच्या खाली जाऊ देत नाही. धारवाड-बेळगाव भागातील कसुती भरतकामाचे नमुने, म्हणजे गोपूर, तुळशी वृंदावन, हत्ती, मोर, हे मुळात सरळ, आडव्या आणि तिरप्या टाक्यांचे असल्यामुळे सरळ टिपेच्या मशीनला फार सोयीचे आहेत. मात्र सगळा नमुना पतंगावर भरण्याऐवजी त्यातले एक गोपूर घ्यावे, आणि मूळच्या एकेका टाक्याची चार-पाच सेंटिमीटरची पट्टी करावी. उभ्या-आडव्या पट्ट्या धाग्यावर असल्याने आक्रसत नाहीत. तिरप्या पट्ट्यांना गोंदाचे ठिपके जवळजवळ द्यावेत. इरकल साडीच्या टोप पदरावरचे लाल-पांढरे दातेही असेच मोठे करून पतंगाच्या खालच्या भागात घेतले तर लांबून ओळखू येतात.

प्रत्यक्ष इरकलीचा किंवा खणाचा तुकडा पतंगात शिवावा का, असे पुष्कळ जण विचारतात. माझे मत नकाराचे आहे. ते कापड जड असते, त्यातून वारा पार होतो, ते दमट हवेत वेगळे ताणते, आणि उजेडासमोर धरल्यावर त्याची सारी विणकारी एका गडद रंगात बुडून जाते. जे कापड हातात घेऊन पाहण्यासाठी विणले आहे ते हातातच शोभते.

अक्षरे शिवायची असतील तर देवनागरीची शिरोरेषा आणि काने सरळ टिपेला सोपे जातात. कन्नड अक्षरांची गोलाई सुंदर दिसते, पण तिला संयम लागतो. शाळेच्या पतंगावर दोन्ही लिप्या घ्यायच्या असतील तर कन्नड अक्षरे मोठी आणि थोडी ठेवावीत.

जानेवारीत बेळगावला आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सव भरतो तेव्हा बाहेरच्या पतंगकारांचे शिवलेले पतंग जवळून पाहता येतात. तिथे चित्र पाहून परत येऊ नये. परवानगी घेऊन पतंगाची मागची बाजू पाहावी. चांगल्या कामात मागेही तेच चित्र, तितकेच स्वच्छ, फक्त उलट दिशेचे दिसते.

नक्षीनंतरचे काम आपल्याला परिचित आहे, त्यामुळे थोडक्यात. नमुना ठेवून आकार कापावा, कडेला एक सेंटिमीटरची दुहेरी दुमड द्यावी, आणि तिथेही दोन्ही अंगांना वरून खालीच टीप मारावी. कोपऱ्यांतल्या कामटीच्या खिशांना सुती निवार किंवा जाड कॅनव्हास लावावे. खानापूर भागात चांगला वेळू मिळतो. बुरुडाकडून एकाच वेळूच्या शेजारच्या दोन चिरफळ्या घेऊन त्यांच्या आडव्या कामट्या कराव्यात, म्हणजे दोन्ही सारख्या वाकतात. कामटी मधोमध बोटावर तोलून पाहावी आणि जड बाजू तासावी. आडव्या कामट्यांना मागून दोरी ताणून रुंदीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा बाक द्यावा.

हवामानाचाही विचार हवा. नायलॉन हवेतला ओलावा शोषते, सामान्य दमट हवेत वजनाच्या सुमारे ४ टक्के. पॉलिएस्टर जेमतेम ०.४ टक्के. मार्चच्या कोरड्या हवेत ताठ शिवलेला नायलॉनचा पतंग आषाढात सैल पडतो. म्हणून एकाच पतंगात नायलॉन आणि पॉलिएस्टर मिसळू नये. मिसळल्यास पावसाळ्यात फक्त नक्षीच लोंबते किंवा फक्त नक्षीच ताणते. कोणते कापड आहे हे दुकानदारालाही पुष्कळदा ठाऊक नसते. शक्यतो सगळे रंग एकाच दुकानातून, एकाच जाडीचे घ्यावेत, आणि प्रत्येकाची वीतभर पट्टी पाण्यात भिजवून तिची लांबी आधी व नंतर मोजून पाहावी.

असा पतंग काटाकाटीसाठी नसतो. नायलॉनच्या आणि इतर कृत्रिम मांजावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली देशभर बंदी घातली आहे. काच न लावलेला, जाड सुती दोर या आकाराच्या पतंगाला मध्यम वाऱ्यात पुरतो. भात कापणीनंतरची मोकळी शेते यासाठी उत्तम, मात्र बेळगावच्या सांबरा विमानतळाच्या आसपास पतंग उडवू नये.

आता आपल्या तयार पतंगाविषयी. तो उसवून टाकण्याची गरज नाही. पतंग पालथा घालून पोपटाच्या आणि सूर्याच्या मागचे लाल कापड, टिपेच्या आत पाच मिलिमीटर सोडून, वर सांगितल्याप्रमाणे एक्स-रेची फिल्म सरकवून कातरून काढावे. एवढ्याने रंग सुधारेल आणि थोडा ताणही सुटेल. मग सूर्याच्या चार तिरप्या भागांतली टीप, प्रत्येक ठिकाणी चार बोटे, उसवून, कापड हाताने सपाट करून, लांब टाक्याने परत मारावी. त्यानंतर पतंग मध्यरेषेवर दुमडून दोन्ही अर्धे एकमेकांवर ठेवावेत. डावा अर्धा लहान भरला, तर उजव्या कडेची दुमड उसवून ती तेवढीच आत घ्यावी. लहान झालेली बाजू ओढून मोठी करण्याच्या प्रयत्नात पडू नये. हे सगळे करूनही पतंग उडवणाऱ्याच्या नजरेने डावीकडे कलत राहिला, तर त्याच नजरेने उजव्या बाजूच्या खालच्या कोपऱ्याला, मागून, चिकटपट्टीचा लहान तुकडा लावावा आणि तो सरळ उभा राहीपर्यंत एकेक तुकडा वाढवावा. चार-पाच तुकड्यांनीही फरक पडला नाही तर कापड सोडून कामट्या तपासाव्यात.